मालकंसातला पंचम : जुना स्टिरिओ संगणकाला जोडतानाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. बाबांचा जुना स्टिरिओ, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर, संगणकाला जोडायचा. बाबांच्या कॅसेटींपैकी बऱ्याच आता संगणकावर चढवून झाल्या आहेत: आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली, नाट्यसंगीत, काही घरगुती बैठका. त्या ऐकायच्या मात्र लॅपटॉपच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरवर. त्यात तबला ऐकू येतो, डग्गा येत नाही. खर्जात उतरलेला गळा तर नुसता कुजबुजतो.

घरात सगळ्यांचं म्हणणं, एक ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाक. मला ते पटत नाही. बाबांच्या स्पीकरमध्ये आठ इंची वूफर (खर्ज वाजवणारे भाग) आहेत, जाड प्लायच्या पेट्या आहेत. मंद्र सप्तक ऐकवायला हवा हलवावी लागते, आणि ती मोठ्या कोनानेच, म्हणजे स्पीकरच्या थरथरणाऱ्या मोठ्या पडद्यानेच, हलते. शिवाय ब्लूटूथवरून जाताना आवाज दाबून, काटछाट करून पाठवला जातो. जे घरात आहे ते या कामाला जास्त चांगलं आहे, फक्त बरीच वर्षं बंद आहे.

अ‍ॅम्प्लिफायर देशी बनावटीचा, १९८०च्या दशकातला. पेटीवर वॅट छापलेले नाहीत, पण पुस्तिका सापडली: चॅनेलला २० वॅट, ८ ओहमला. मागच्या बाजूला हल्लीची लाल-पांढरी आरसीए सॉकेट नाहीत. पाच पिनांची गोल डिन सॉकेट आहेत, चार: फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स. डिन हे जर्मन मानक. त्या काळी आपल्याकडच्या कितीतरी सेटांवर हीच सॉकेट असायची, त्यामुळे तेवढ्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर मोडीत काढायचं काही कारण नाही.

संगणक म्हणून जुना लॅपटॉप वापरणार. त्यावर लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली आहे.

१९ ऑक्टोबर

इतकी वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट भिंतीतल्या २३० व्होल्टला लावायचा नाही. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबे, पडून पडून बिघडलेले असतात, कुठे शॉर्ट असेल तर ट्रान्सफॉर्मरच जायचा. म्हणून सिरीज बोर्ड तयार केला: फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब, आणि त्याच्या पुढे अ‍ॅम्प्लिफायर. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच लागतो, कारण तार तापली की तिचा रोध वाढतो आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे असा बोर्ड कायम टेबलावर लावलेला असायचा.

स्विच दाबला. बल्ब क्षणभर लख्ख पेटला, मग मंदावत गेला आणि शेवटी तांबूस तार तेवढी दिसत राहिली. हेच हवं होतं. सुरुवातीचा लखलखाट म्हणजे कपॅसिटर भरले. नंतरची मंद तार म्हणजे आत शॉर्ट नाही. बल्ब पेटलेलाच राहिला असता तर तिथेच थांबायचं होतं.

मग बल्ब काढून, पण स्पीकर न लावता, स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजलं. डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१. ठीक आहे. इथे एखादा व्होल्ट जरी असता तरी तो स्पीकरच्या कॉइलमधून सतत वाहत राहिला असता, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असेल तर इथेच वीस-पंचवीस व्होल्ट दिसतात, कॉइल जळते. जुना अ‍ॅम्प्लिफायर बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाने ही मोजणी स्पीकर लावायच्या आधी करावी.

व्हॉल्यूमच्या बटणात खरखर आहे. काँटॅक्ट क्लीनर फवारून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत बरंच फिरवलं. खरखर गेली.

स्पीकरच्या वायरींवरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. दीड व्होल्टचा सेल वायरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला आणि वूफरकडे पाहिलं. सेलचं धन टोक ज्या वायरीला लावल्यावर कोन बाहेर येतो, ती वायर धन. दोन्ही स्पीकरला तसं पाहून लाल चिकटपट्टी लावली. हे का महत्त्वाचं, तर एक स्पीकर उलटा लागला की एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. खर्ज आपसात कापला जातो आणि गवई समोर बसल्यासारखा न वाटता आवाज खोलीभर विखुरतो. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं तर अशा जोडणीत पार पोकळ वाटतात.

२० ऑक्टोबर

स्पीकर लावले, अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. इनपुटला काहीच जोडलेलं नाही, व्हॉल्यूम शून्यावर. तरी दोन्ही स्पीकरमधून बारीक ‘घूंऽऽ’.

बाबा पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. "अगं, हा पंचम कुठून येतोय?"

गाणं लावलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, ते हमिंग आहे, अ‍ॅम्प्लिफायरचं." त्यांनी ऐकून घेतलं, उठले, पेटी काढली, भाता ओढला आणि खर्जाच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबून धरली. पेटीचा सूर आणि स्पीकरचा सूर जवळजवळ एकच, पण एक नाही. दोन्ही मिळून आवाज हेलकावे घ्यायला लागला, सेकंदाला साधारण दोन. बाबा म्हणाले, "तुझा किंचित चढा आहे."

बरोबर आहे. पेटीतली ती पांढरी पाच ९८ हर्ट्झची. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, पण अ‍ॅम्प्लिफायरमधला रेक्टिफायर लहरीचे वरचे आणि खालचे दोन्ही अर्धे एकाच दिशेने वळवतो, त्यामुळे त्याच्या पुढे जो थरथराट उरतो तो १०० हर्ट्झचा. ९८ आणि १००, फरक दोनचा, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. कुठला सूर किती मोठा ते दाखवणाऱ्या फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या अ‍ॅपमध्येही १०० वर उंच काठी दिसली, २०० आणि ३०० वर लहान.

पेटी परत ठेवली तरी माझ्या डोक्यात पुढचा हिशोब सुरू होता. पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिली पांढरी पट्टी सा धरून, गाणाऱ्या गवयाचा सा १३०.८ हर्ट्झ. त्याचा मंद्र पंचम ९८.१. म्हणजे यमन लावला तर हे हमिंग तंबोऱ्याच्या पहिल्या तारेला जाऊन भिडणार आणि तार सतत थरथरल्यासारखी वाटणार. आणि मालकंस लावला तर? मालकंसात रिषभ आणि पंचम दोन्ही वर्ज्य. तंबोरासुद्धा पंचमाऐवजी मध्यमात मिळवतात. त्या रागात हा अ‍ॅम्प्लिफायर अखंड पंचम धरून बसणार. काळी एकच्या गाण्यात आणखी वेगळं: तिथे मंद्र पंचम १०३.९ ला, म्हणजे हे १०० हर्ट्झ तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध लटकतं, धड कुठलाच सूर नाही.

ज्या संगीतात ढोल-गिटारी सतत वाजत असतात तिथे एवढं हमिंग झाकून जातं. आपल्या आलापात तंबोरा आणि गळा एवढंच असतं. तिथे हमिंग हा निव्वळ आवाज राहत नाही, तो स्वर होतो. म्हणून ‘थोडं हमिंग चालतंच जुन्या सेटला’ हे मला मान्य नाही. ते पूर्ण घालवायचं.

२७ ऑक्टोबर

व्हॉल्यूम शून्यावर असताना आणि इनपुट मोकळं असतानाही जे येतं ते अ‍ॅम्प्लिफायरचं स्वतःचं. आणि ते १०० हर्ट्झचं आहे म्हणजे दोष फिल्टर कपॅसिटरचा. रेक्टिफायरच्या पुढचा थरथराट गिळायचं काम त्यांचं. वयानुसार आतलं द्रावण सुकतं, क्षमता घटते आणि थरथराट पुढे स्पीकरपर्यंत पोचतो.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, दोन नवे आणले: ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंशांपर्यंत तापमान सोसणारे. मूळचे ५० व्होल्टचे होते. व्होल्टेज जास्तीचं चालतं, कमीचं चालत नाही. नवे मूळच्यांपेक्षा बरेच बारीक निघाले, पायही जवळजवळ आहेत, म्हणून पाय किंचित फाकवून बसवावे लागले.

प्लग काढून ठेवला, झाकण उघडलं, मल्टिमीटर कपॅसिटरवर लावला: अजून १४ व्होल्ट. एक किलोओहमचा पाच वॅटचा रोध पकडीने धरून दोन्ही टोकांना लावला आणि आकडा शून्याकडे येईपर्यंत धरून ठेवला. प्लग काढला म्हणजे आत वीज नाही असं धरून चालू नये.

जुन्यांच्या तळाशी तपकिरी डिंकासारखं काहीतरी होतं. ते कपॅसिटर बसवताना कारखान्यात लावलेला गोंद आहे, गळती नाही, पण वय झालेला गोंद गंज धरवतो, म्हणून खरवडून आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसला. नव्यांची ऋण बाजूची पट्टी बोर्डावरच्या खुणेशी दोनदा ताडून पाहिली, मग सोल्डर केलं. पुन्हा सिरीज बल्ब, पुन्हा स्पीकरच्या टोकांवरची मोजणी, आणि मग स्पीकर.

व्हॉल्यूम शून्यावर जाळीला कान लावला. काही नाही. बाबांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता सा लावायला जागा झाली."

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, पुन्हा काम सुरू. आज जोडवायर.

कुठल्या सॉकेटला जोडायचं ते आधी ठरवलं. फोनो तर नाहीच. फोनोचं सॉकेट तबकडीच्या मॅग्नेटिक सुईसाठी असतं, जी जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार सप्तक मुद्दाम जास्त केलेलं असतं, ते उलटं फिरवणारं मंडळ, म्हणजे सर्किट, फोनोमागे असतं. २० हर्ट्झजवळ ते मंडळ जवळपास २० डेसिबेलने उचलतं. संगणक तिथे लावला तर आवाज फाटतो आणि नुसता ढम्म ऐकू येतो. ऑक्स घेतलं, ते इतर कुठल्याही यंत्रासाठी असतं.

पाच पिनांच्या डिनमध्ये मधली पिन २, ती ग्राउंड. ३ वर डावं, ५ वर उजवं. पिनांचे क्रमांक ओळीने नसतात, कमानीत १, ४, २, ५, ३ असे बसलेले असतात, आणि सोल्डरच्या बाजूने पाहिलं की क्रम आरशातल्यासारखा उलटतो. प्लगच्या आतल्या प्लास्टिकवर पिनेजवळ बारीक आकडे उठवलेले आहेत. भिंग धरून तेच वाचले.

सोल्डर करताना एक पथ्य पाळलं. आतलं प्लास्टिक लगेच मऊ होतं आणि पिन तिरकी होते, मग प्लग सॉकेटात बसत नाही. म्हणून एका सुट्या सॉकेटात प्लग खोचून ठेवला आणि तसाच सोल्डर केला. पिनेचा पोकळ भाग आधी कथलाने भरून घेतला, वायरीच्या टोकालाही कथील चढवलं, मग दोन्ही टेकवून एक-दीड सेकंदात सोल्डरिंग आयर्न बाजूला. उष्णतेने आवळणाऱ्या नळीचे तुकडे वायरीत आधीच ओवून ठेवले होते, ते वर सरकवले. शेवटी प्लगचं कवच. मल्टिमीटरच्या बीपवर (जोडणी असली की तो वाजतो) प्रत्येक पिन तपासली आणि शेजारच्या पिनेशी चिकटलेली नाही हेही पाहिलं.

दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरचा स्टिरिओ प्लग: टोक डावं, मधलं कडं उजवं, मुळाशी ग्राउंड.

तयार वायर बाजारात मिळते. पण डिनच्या तयार वायरींत काही १ आणि ४ वर जोडलेल्या असतात, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी. त्या ऑक्सला लावल्या तर काहीच ऐकू येत नाही. घेतलीच तर बीपवर तपासून घ्यावी.

१६ नोव्हेंबर

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात प्लग लावला. पहिल्याच सुरात फरक कळला. डग्ग्याची घुमारी खोलीच्या फरशीत उतरली.

पण सूर संपला की मागे नवंच गुणगुणणं. हे आधीसारखं नाही. हे व्हॉल्यूम वाढवला की वाढतं, कमी केला की कमी होतं. त्यात एक बारीक चिरचिरही आहे, आणि माउस हलवला की ती चिरचिर हलते. स्पेक्ट्रममध्ये काठ्या ५०, १५० आणि २५० वर. १५० म्हणजे पांढरी एकच्या गायकाचा किंचित चढा शुद्ध रिषभ. मालकंसातला दुसरा वर्ज्य स्वर.

१७ नोव्हेंबर

लॅपटॉपच्या चार्जरची पिन उपटली. त्याच क्षणी सगळं शांत. परत लावली, परत आलं.

म्हणजे ग्राउंड लूप. चार्जरचा प्लग तीन पिनांचा आणि त्याच्या आत अर्थ थेट आउटपुटच्या ऋण टोकाला जोडलेलं आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लगही तीन पिनांचा, त्याची पत्र्याची पेटी अर्थला जोडलेली. आता लॅपटॉपपासून भिंतीतल्या अर्थ वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक वाट, आणि माझ्या नव्या वायरीतल्या ग्राउंडच्या जाळीतून दुसरी. वर्तुळ पूर्ण झालं. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच, त्यामुळे या वर्तुळात प्रवाह फिरतो, आणि तो नेमका त्या जाळीतून जातो जिच्या आधाराने गाणं मोजलं जातं.

दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले. बरंच कमी झालं, पण गेलं नाही. चिरचिर तर तशीच.

२४ नोव्हेंबर

बाजारात सल्ला मिळाला, "ताई, अर्थची पिन काढून टाका, हमिंग लगेच जाईल." जाईल, यात शंका नाही. वर्तुळ तुटेल. पण अ‍ॅम्प्लिफायरची पेटी पत्र्याची आहे. चाळीस वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कुठे सुटलं आणि फेज पेटीला टेकला, तर आज अर्थमधून प्रवाह जातो, फ्यूज उडतो आणि विषय संपतो. अर्थ काढलं तर २३० व्होल्ट त्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या बटणांवर येऊन थांबतात, आणि ती बटणं दिवसातून दहादा बाबा फिरवणार. कुठलंही हमिंग एवढ्या किमतीला घालवायचं नसतं. ही गोष्ट मी दुकानातही बोलले आणि इथेही लिहून ठेवते.

दुसरा उपाय म्हणून गाडीत लावतात तो छोटा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ आणून पाहिला. आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर, एका चॅनेलला एक. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याची जोडणी राहत नाही, त्यामुळे लूप तुटतो. हमिंग साफ गेलं.

मग बाबांनी झपतालातलं एक गाणं लावायला सांगितलं. थोडं ऐकून त्यांनी विचारलं, "डग्गा कुठे गेला?" खरंच गेला होता. थाप ऐकू येत होती, मींड नाही. मनगटाने दाबून डग्ग्याचा सूर खालून वर सरकवतात, तो सरकताना ऐकूच येईना. कारण सरळ आहे: ट्रान्सफॉर्मरला खालचे सूर न्यायचे तर गाभ्यात लोखंड पुरेसं हवं. बोटाच्या पेराएवढ्या गाभ्यात ते नसतं, खालच्या सुरांना गाभा भरून जातो आणि आवाज एकतर घटतो किंवा विद्रूप होतो. चांगले ट्रान्सफॉर्मर मिळतात, जड असतात आणि महागही. गाडीत इंजिनाच्या घरघरीत हा फरक कळत नसेल. आमच्या खोलीत कळला.

यूएसबी डॅक घेऊनही प्रश्न सुटणार नव्हता. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारं मंडळ. ते लॅपटॉपबाहेर गेलं की आतली चिरचिर कमी होते, पण यूएसबीच्या वायरीतही ग्राउंड असतंच, लूप तसाच राहतो.

१ डिसेंबर

उजेडाने सोडवलं.

तोशिबाने १९८३ मध्ये टॉसलिंक आणली: आकडे तांब्याऐवजी प्लास्टिकच्या तंतूतून लाल उजेडाच्या लुकलुकण्याने पाठवायचे. तंतूत धातू नाही, म्हणून वीज इकडून तिकडे जाऊच शकत नाही. लूप तयारच होत नाही. माझ्या लॅपटॉपला ऑप्टिकलचं, म्हणजे असा उजेड बाहेर देणारं, तोंड नाही, म्हणून यूएसबीतून ऑप्टिकल काढणारी एक डबी घेतली, आणि ऑप्टिकल घेणारा एक साधा डॅक. डॅकला दोन पिनांचा वेगळा अ‍ॅडॅप्टर. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात आता दीड मीटर प्लास्टिक.

जोडताना तंतूच्या टोकावरची छोटी टोपी काढायची असते, ती पारदर्शक असल्याने पटकन दिसत नाही. डबीकडचं टोक लावलं आणि दुसरं टोक तळहातावर धरलं: लाल ठिपका. तो डॅकमध्ये खोचला, ‘टक्’ असा बसला. वायर कपाटामागून नेताना कुठेही कोपरा मोडू दिला नाही, तंतूला घडी पडली की उजेड बाहेर गळतो.

चार्जर लावलेला, दोन्ही प्लग तीन पिनांचे, माउस हलवतेय. स्पेक्ट्रममध्ये ५०, १००, १५० वर काठी नाही.

बाबांनी मालकंस लावायला सांगितला. पाऊण तासाचं ध्वनिमुद्रण, आकाशवाणीवरून टेप केलेलं. मध्यमावर बराच वेळ न्यास, म्हणजे मुक्काम, होता आणि मागे मध्यमाचाच तंबोरा. बाकी कोणी नाही. बाबा मधे काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "ही टेप मी पन्नासदा ऐकली असेल. हिच्यात मागे दुसरा तंबोरा आहे, हे आज कळलं."

८ डिसेंबर

आवाजाची पातळी. पुस्तिकेत लिहिलंय की ऑक्सला पूर्ण आवाजासाठी २०० मिलिव्होल्ट पुरतात. डॅक देतो २ व्होल्ट, सीडी प्लेअर आले तेव्हापासून हाच रिवाज आहे. म्हणजे दहापट. त्यामुळे व्हॉल्यूम घड्याळाच्या आठच्या जागेवरून नऊवर नेला तरी खोली भरते, आणि तेवढ्या खालच्या टप्प्यात जुन्या बटणाचे डावे-उजवे भाग सारखे चालत नाहीत. गवई डावीकडे झुकतो.

संगणकावर आवाज कमी करून हे झाकता येतं, पण मग कधीतरी कुणीतरी तो पूर्ण करणार आणि वूफरला दणका बसणार. त्यापेक्षा दोन रोधांचं काम. प्रत्येक चॅनेलला १० किलोओहम ओळीत आणि त्यापुढे २.२ किलोओहम ग्राउंडला. २ व्होल्टचे साधारण ०.३५ व्होल्ट होतात, १५ डेसिबेलची घट. पाव वॅटचे रोध डिनच्या प्लगच्या कवचातच मावले. आता बटण अकरा-बाराच्या जागी असतं, गवई मधोमध बसतो, आणि डॅकची स्वतःची जी काही सूक्ष्म सळसळ असेल तीही त्याच प्रमाणात खाली गेली.

१५ डिसेंबर

सॉफ्टवेअर. गाणी वाजवायला एमपीडी बसवला. हा पडद्यावर न दिसता मागे चालतो, आणि त्याला आवाज थेट डबीकडे पाठवायला सांगितलं आहे, मधल्या मिश्रणाच्या थराला वगळून. दोन फायदे. एक, सीडीवरून घेतलेल्या फायली ४४.१ किलोहर्ट्झच्या असतात आणि मधला थर त्या ४८ ला बदलून पुढे देत होता, ते थांबलं. दुसरा फायदा रोजच्या वापरात जास्त मोठा: एमपीडी वाजत असताना डबी दुसऱ्या कुणाला मिळत नाही, त्यामुळे विलंबित ख्यालात मधेच संदेशाची ‘टिंग’ वाजत नाही.

आवाज समान करणारी सोय बंद ठेवली. ती प्रत्येक फाइल मोजून हळू आवाजाची फाइल वर उचलते. मग आलापाची फाइल द्रुताच्या फाइलइतकी मोठी वाजते, आणि गवयाने तासाभरात चढवत नेलेलं सगळं सपाट होतं.

सुरू करताना लॅपटॉप आणि डॅक आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर पहिला. मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

२९ डिसेंबर

बाबांना फोनवरून गाणी लावणं नको आहे. चष्मा शोधा, फोन उघडा, मग यादी. म्हणून यूएसबीची आकड्यांची वेगळी पाटी आणली, जमाखर्चवाले वापरतात ती. रागांच्या वेळेप्रमाणे प्रत्येक कळेला एक यादी बांधली: १ वर भैरव, तोडी, ललत. २ वर सारंगाचे प्रकार. ३ वर भीमपलासी, मुलतानी. ४ वर मारवा, पूरिया, यमन. ५ वर बागेश्री, दरबारी, मालकंस. ६ वर नाट्यसंगीत, त्याला वेळेचं बंधन नाही. ० म्हणजे थांब, एंटर म्हणजे पुढचं. याद्या बाबांनी स्वतः वहीत लिहून दिल्या. केदार रात्रीच्या यादीत मागे टाकला होता, तो त्यांनी पुढे आणायला लावला.

कळांवर आकड्यांखाली काही चिकटवलेलं नाही. त्यांना दोन दिवसांत पाठ झालं.

५ जानेवारी २०२५

आता उरलेल्या कॅसेटी. डेकचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या टेपच्या सॉकेटातून संगणकात घ्यावा असं आधी वाटलं होतं, पण डिनच्या १ आणि ४ या रेकॉर्डिंगच्या पिना मुद्दाम फार क्षीण संकेत देतात, पुढच्या यंत्राच्या रोधाच्या दर किलोओहमला एक मिलिव्होल्टच्या आसपास. डिनच्याच टेपरेकॉर्डरसाठी ते ठीक होतं. हल्लीच्या लाइन-इनला तो इतका कमी पडतो की उचलताना सळसळही उचलली जाते. म्हणून डेकचं लाइन-आउट थेट घेतलं, लाइन-इन असलेल्या यूएसबीच्या डबीत. लॅपटॉपचं माइकचं भोक या कामाचं नाही, ते मोनो असतं आणि माइकसाठी वाढवलेलं.

प्रत्येक कॅसेटीआधी हेड आणि रबरी चाक आयसोप्रॉपिलने पुसायचं. मग हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, सर्वांत स्वच्छ कुठे लागते ते ऐकायचं, कारण ज्या यंत्रावर टेप केली त्याचं हेड थोडं तिरकं असेल तर आपलंही तेवढंच तिरकं करावं लागतं. हे मी कानाने करते, बाबा शेजारी बसून हात वर करतात तिथे थांबते.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे कितीतरी ख्याल मधेच तुटलेले आहेत. टेप उलटवताना काही आवर्तनं गेली ती गेली. जिथे दोन्ही बाजूंच्या टोकांना समेची जागा सापडते तिथे बाबा हाताने ताल धरून सम दाखवतात आणि मी तिथे जोडते. जिथे सापडत नाही तिथे दोन फायली वेगळ्याच ठेवायच्या, असं दोघांचं ठरलं आहे. आज दरबारीची अ बाजू झाली. ब बाजूची फीत एका जागी चुरगळली आहे, ती आधी सुटी करून सरळ करावी लागेल.